शिमग्यात टाचेची शीर तुटली, ऑपरेशन करू की बूट घालू? आज सहावा दिवस, कृपया लवकर सांगा

कलमवाला_पावस

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी तालुक्यातला, पावसच्या बाजूला आमची हापूसची कलमं आहेत, वय ४३. गेल्या रविवारी सहाणेवर पालखी नाचवत होतो. दरवर्षी नाचवतो, लहानपणापासून, त्यात नवीन काही नाही. दांडी खांद्यावर होती, ढोल चढला तसा उजव्या पायावर जोर देऊन वर उसळलो आणि मागून कोणीतरी पोटरीवर दगड मारल्यासारखं झालं. खट्ट करून आवाज पण आला. वळून बघितलं तर मागे कोणीच नाही, आणि पाय टेकायला गेलो तर टाचेत दमच नाही.

पालखी दुसऱ्याने घेतली, मला पडवीत आणून बसवलं. गावातल्या डॉक्टरांनी पाय मुरगळलाय म्हणून क्रेप बँडेज बांधलं, गोळ्या दिल्या. बोटं हलत होती, लंगडत का होईना चालत होतो, त्यामुळे मला पण वाटलं मुरगळलाच असेल. वाडीतल्या एकांनी दोन दिवस तेल लावून चांगलं रगडलं पण. चौथ्या दिवशी सूज थोडी उतरली तेव्हा बायकोने बोट फिरवलं आणि म्हणाली अहो इथे खड्डा लागतोय, दुसऱ्या पायाला नाही. मग रत्नागिरीला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पालथं झोपवलं आणि आधी डावी पोटरी दाबली तर पाऊल हललं, मग उजवी दाबली तर पाऊल तसंच. एवढ्यावरूनच त्यांनी सांगितलं की ॲकिलीस टेंडन, म्हणजे टाचेची शीर, पूर्ण तुटलाय. सोनोग्राफीत पण तेच आलं, टाचेच्या साधारण ४ सेंमी वर, मध्ये २ सेंमी गॅप.

आता एक डॉक्टर म्हणतात याच आठवड्यात ऑपरेशन करून टाका. दुसऱ्यांना रिपोर्ट दाखवला तर ते म्हणतात तुम्हाला शुगर आहे (एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, ८.२), कडक बूट घालून पण जुळतं, ऑपरेशन कशाला. दोघंही चांगले, अनुभवी, आणि दोघांचं एकदम उलटं. मी रात्रभर विचार करतोय.

माझी अडचण पण सांगतो. सीझन तोंडावर आहे, पाडव्यानंतर तोडणी. माल मीच पिकअपने पोचवतो. घर पाखाडीवर आहे, रस्त्यापासून ४० च्या वर चिऱ्याच्या पायऱ्या. संडास भारतीय. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी खरं काय ते सांगा, कधी चालायला लागलात, कलमावर चढता येतं का पुन्हा?

शिरोडा_व्हॉलीबॉल

दादा, वाचूनच पोटरीत कळ आली. माझं तीन वर्षांपूर्वी अगदी असंच, नाईट टुर्नामेंटला स्मॅशला उडालो आणि मागून लाथ बसल्यासारखं. मी मागच्या पोराला ओरडलो पण, तो बिचारा चार हात लांब.

मी ऑपरेशन केलं, गोव्यात. दुसऱ्या दिवशीच ठरवलं कारण मला परत खेळायचं होतं आणि तेव्हा सगळे म्हणाले खेळाडू असशील तर शिवूनच घे. कंबरेतून भूल दिली, तास सव्वा तासात झालं. पंधरा दिवस स्लॅब (अर्धं प्लास्टर), मग टाके काढले, मग बूट. माझी चूक एवढीच झाली की मी जून संपताना केलं, आमच्याकडे पाऊस म्हणजे कपडा आठ दिवस सुकत नाही, त्या दमट हवेत जखमेचं एक टोक सुटलं आणि पाणी यायला लागलं. दीड महिना ड्रेसिंग. तिथली कातडी खूप पातळ असते, खाली मांस नाही, त्यामुळे भरायला वेळ लागतो असं सर्जन म्हणाले. आणि मला शुगर नव्हती बरं का, तुम्हाला आहे, ते नीट विचारून घ्या. पावलाच्या बाहेरच्या कडेला अजून बधीर आहे, करंगळीपर्यंत, तिथली नस टाके घालताना दुखावली असणार. चालायला त्रास नाही काही.

पण पाय चांगला झाला हे पण खरंच. ११ महिन्यांनी मैदानात उतरलो. आई तेव्हा रोज म्हणायची, "झिला, पाय सांभाळ, खेळ खंय पळान जाता?" तेवढं तुम्ही पण मनात ठेवा, घाई करू नका.

गुहागरची_बाई

मी दुसऱ्या बाजूने सांगते, माझं ऑपरेशन झालेलं नाही. शाळेच्या क्रीडा महोत्सवात शिक्षकांची रिले होती, वय तेव्हा ३९, वर्षभर काही व्यायाम नाही आणि एकदम जीव खाऊन धावले. दोन पावलं टाकली आणि बसलेच. डिसेंबर होता. मला दुसऱ्याच दिवशी चिपळूणला निदान मिळालं म्हणून मी स्वतःला भाग्यवान समजते.

बूट म्हणजे गुडघ्याखालपर्यंतचा कडक बूट असतो, आत टाचेखाली पाचरीसारखे तुकडे ठेवतात म्हणजे पाऊल खाली झुकलेलं राहतं, बॅले करणाऱ्या मुलीसारखं. त्या स्थितीत तुटलेली दोन टोकं एकमेकांजवळ येतात आणि मग शरीर आपलं आपण जोडतं. पहिले दोन आठवडे पाय टेकवायचाच नाही, मग कुबड्या घेऊन बुटावर वजन, मग दर थोड्या दिवसांनी एकेक पाचर काढायची. मला बूट १० आठवडे होता. झोपताना पण. हे मी मुद्दाम लिहिते कारण सगळ्यात जास्त त्रास याचाच झाला, रात्री गरम व्हायचं, खाज यायची, आणि एकदा झोपेत काढून टाकला तर नवऱ्याने उठून परत घातला. झोपेत पाय ताठ होऊन वर ओढला गेला तर जुळत आलेलं लांबतं किंवा तुटतं.

संडासचं सांगते, कारण हे कोणी डॉक्टर सांगत नाहीत आणि बायकांना विचारायला लाज वाटते. उकिडवं बसणं पूर्ण बंद. उकिडवं बसलं की टाचेवर पूर्ण ताण येतो आणि ओल्या लादीवर एका पायावर तोल जातो तो वेगळाच. मेडिकलवाल्याकडून कमोडची खुर्ची आणली, भारतीय भांड्यावरच ठेवता येते. आज करा हे काम. मी सहा महिने खालीच बसले नाही, विळी ओट्यावर घेतली, पाडव्याला सुद्धा स्टूलवर बसून पूजा केली.

बूट काढला तो दिवस मला आजही आठवतो, आनंद व्हायच्या ऐवजी इतकी भीती वाटली की उंबरा ओलांडताना रडले. पोटरी मनगटाएवढी झाली होती. पुढे फिजिओ, आठवड्यातून दोनदा चिपळूण एसटीने आणि बाकी घरी. एका पायावर टाच उचलायला मला सात महिने लागले आणि उंची अजून दुसऱ्या पायाएवढी येत नाही, जिना चढताना शेवटी जरा जोर कमी पडतो. पण दिवसभर वर्गात उभी असते, वेळणेश्वरच्या वाळूत चालते, काही अडत नाही.

रानवाटा७२

एवढं कशाला, आमच्या इथे एक वैद्य आहेत, लेप लावून बांधतात, सात बांधण्यांत शीर बसते. अनेकांना गुण आलाय. कापाकापीच्या आधी एकदा बघा.

हर्णै_बंदर

रानवाटा, तुमची भावना चांगली आहे हे मान्य, पण मी हात जोडून सांगतो, पूर्ण तुटलेल्या शिरेला हे नको. माझे काका, होडीवरून फळीवर उडी मारताना तुटली. त्यांनी दोन महिने लेप बांधला, लेप वाईट नव्हता पण पाऊल सरळ बांधलेलं होतं, खाली झुकवलेलं नाही. दोन टोकं लांबच राहिली आणि मधल्या जागेत नुसता चिवट गोळा भरला. चालायचे पण टाच ओढत, वाळूत जाळं ओढायला पायात जोरच नाही. शेवटी मुंबईला नेलं तेव्हा सांगितलं की आता टोकाला टोक शिवता येणार नाही, आणि पायाच्या अंगठ्याला वाकवणारी शीर काढून टाचेत बसवली. मोठं ऑपरेशन झालं. पहिल्या आठवड्यात कळलं असतं तर एवढं लागलंच नसतं. काका आता बरे आहेत पण समुद्रावर जात नाहीत.

कलमवाला दादा, तुम्ही सहाव्या दिवसावर आहात, अजून वेळ आहे. पण आजचा दिवस घालवू नका. आणि रगडणं बंद.

फिजिओ_चिपळूण

मी गेली १४ वर्षं फिजिओथेरपी करते, सर्जन नाही, त्यामुळे अंतिम निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही दोन चांगल्या डॉक्टरांची दोन मतं सांगितलीत म्हणून थोडं सविस्तर लिहिते, कारण ही दोन्ही मतं खरोखर बरोबर असू शकतात.

पूर्वी असं मानायचे की ऑपरेशन म्हणजे पक्कं काम आणि प्लास्टर म्हणजे म्हाताऱ्या माणसांसाठी. तेव्हाचं प्लास्टर दीड-दोन महिने ठेवायचे, पाय हलवायचाच नाही, म्हणून निकाल पण तसे यायचे. आता बुटात लवकर वजन देतात आणि ठरलेल्या मर्यादेत लवकर हालचाल देतात, आणि तिथे फरक खूप कमी झालाय. २०२२ मध्ये नॉर्वेतल्या चार हॉस्पिटलांचा एक मोठा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, ५२६ पेशंट, तीन गट केले, बूट-प्लास्टरवाले, उघडून शिवलेले आणि छोट्या छेदातून शिवलेले. वर्षभराने पाय किती चांगला चालतो, ताकद किती, दुखतं किती हे बघितलं तर तिन्ही गट सारखेच. फरक दोन ठिकाणी निघाला. परत तुटण्याचं प्रमाण बिनऑपरेशनवाल्यांत ६.२ टक्के आणि दोन्ही ऑपरेशनवाल्यांत ०.६ टक्के. आणि नस दुखावण्याचं प्रमाण बरोबर उलट, बिनऑपरेशन ०.६, उघडून शिवलं तर २.८, छोट्या छेदात ५.२ टक्के. शिरोड्याच्या दादांची करंगळी बधीर आहे ती याच नसेमुळे असणार.

म्हणजे तुम्ही परत तुटायची थोडी जास्त शक्यता घ्यायची की जखमेची आणि नसेची शक्यता घ्यायची, एवढाच प्रश्न आहे. शुगर ८.२ असताना जखमेचं पारडं जड होतं, मी अशा दोन जखमा बघितल्यात आणि त्या महिनोन्‌महिने चालल्या. तंबाखू-सिगरेट असेल तर अजून जड. दुसरीकडे तुम्हाला चार दिवस उशीर झालाय आणि त्यात पाय सरळ होता, रगडला गेलाय.

म्हणून डॉक्टरांना एक नेमकं विचारा. सोनोग्राफी केली तेव्हा पाऊल सरळ होतं की खाली झुकवलेलं? २ सेंमी गॅप सरळ पायात असेल तर त्याचा फारसा अर्थ नाही. पाऊल पूर्ण खाली झुकवून परत बघायला सांगा. टोकं एकमेकांना टेकत असतील तर बुटाचा रस्ता खरोखर मोकळा आहे, बरंच अंतर उरत असेल तर शिवून घेणं शहाणपणाचं. हे एक उत्तर मिळालं की दोन डॉक्टरांपैकी कोणाचं ऐकायचं हा गुंता बराचसा सुटेल.

आणि एक, गेल्या महिना-दोन महिन्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक गोळी घेतली होती का? किंवा स्टेरॉइड? या गोळ्यांनी ही शीर कमकुवत होते हे माहीत असलेलं आहे. घेतली असेल तर दोन्ही डॉक्टरांना सांगा आणि कुठलीही नवीन गोळी सुरू होताना पुढेही सांगत जा.

ऑपरेशन करा किंवा करू नका, त्यानंतरचे तीन महिने मात्र सारखेच जपायचे आहेत. शीर लांब होऊन जुळली तर ती तुटलेली नसते पण ढिली असते, मग टाच उचलली जात नाही आणि ते पुढे सुधारणं फार कठीण. म्हणून बारा आठवडे ओढून ताणायचं नाही. पेशंट बूट निघाला की पायरीच्या कडेवर उभे राहून टाच खाली सोडतात, पाय आखडलाय म्हणून, आणि मी दारातूनच ओरडते. आखडलेला पाय चालेल. ढिला नको. सगळ्यात जास्त वेळा परत तुटतं ते बूट सोडण्याच्या आसपासच्या आठवड्यांत, घसरून किंवा ठेचकाळून, आणि तुमच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर मिरगानंतर शेवाळ येणार. कठडा आत्ताच बांधून घ्या, बांबूचा का होईना.

पोटरी अचानक सुजली, घट्ट झाली, दुखायला लागली किंवा दम लागला, छातीत दुखलं तर थांबू नका, रक्ताची गुठळी असू शकते. पाय बांधून पडून राहिलेल्यांना ही भीती असते, रक्त पातळ करणारं औषध लागेल का ते विचारा.

गाडीचं सरळ सांगते, उजवा पाय आहे म्हणजे ब्रेकचा पाय. बूट घालून पिकअप चालवायची नाही, बूट सुटल्यावर पण जोरात ब्रेक मारता येतोय याची खात्री होईपर्यंत नाही. या सीझनला ड्रायव्हर बघा. कलमावर चढणं या वर्षी विसरा, पुढच्या वर्षी बोलू.

नाटे_जैतापूर

ऑपरेशन ठरलंच तर महात्मा फुले योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. माझ्या भावाच्या वेळी आम्ही ॲडमिट होऊन बिल झाल्यावर विचारलं, तोपर्यंत उशीर झाला होता.

कलमवाला_पावस

सगळ्यांचे मनापासून आभार. फिजिओ मॅडम, तुमचं वाचून अंगावर काटा आला, फेब्रुवारीत लघवीचं इन्फेक्शन होतं तेव्हा मी सिप्रोफ्लॉक्सासिनचा पूर्ण कोर्स केला होता. कोणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्या पण नाही. नंतर काही दिवस टाच सकाळी दुखायची, मी म्हटलं फवारणीला उभा राहतो त्यामुळे.

आज आंबा घाटाने कोल्हापूरला आलोय, भावाने गाडी काढली. इथल्या डॉक्टरांना तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्यांनी स्वतः शेजारी उभं राहून परत सोनोग्राफी करून घेतली, पाऊल खाली झुकवून, आणि मला स्क्रीनवर दाखवलं, टोकं टेकतायत. ते म्हणाले मी शिवू शकतो, पण ही शुगर आणि टेकणारी टोकं बघून माझा भाऊ असता तर मी बूट दिला असता. मी पण बुटालाच हो म्हटलं. चार पाचरी आत आहेत. गुठळी होऊ नये म्हणून औषध दिलंय, दोन आठवडे पाय टेकायचा नाही.

पहिल्या डॉक्टरांना पण फोन केला, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. ते म्हणाले टोकं टेकत असतील तर माझी हरकत नाही, मी सरळ पायाचा रिपोर्ट बघून बोललो होतो. बरं वाटलं.

घरी नेणार नाहीयेत, पायऱ्यांमुळे. पहिला महिना बहिणीकडे, तिचं घर रस्त्याला आहे. कमोडची खुर्ची आजच घेतली, बाई तुमच्यामुळे.

गुहागरची_बाई

खूप बरं केलंत बहिणीकडे राहायचं. पाय उशीवर छातीपेक्षा उंच ठेवा दुपारी, सूज त्यानेच उतरते. आणि पहिल्या आठवड्यात चिडचिड होते, घरच्यांवर निघते, ते आत्ताच सांगून ठेवा त्यांना.

कलमवाला_पावस

पाच आठवडे झाले म्हणून लिहितोय. दोन पाचरी निघाल्या, बुटावर पूर्ण वजन देतो, एक कुबडी सुटली. परवा डॉक्टरांनी पालथं झोपवून पोटरी दाबली आणि पाऊल हललं! थोडंसंच, पण बायकोने बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शुगर पण खाली आलीय, बसून बसून वाढेल अशी भीती होती पण बहीण भात मोजून देते.

तोडणी भाऊ आणि गडी बघतायत. मी बहिणीच्या खळ्यात खुर्ची टाकून बसतो, माल इथेच आणतात, मी निवडून पेट्या भरतो, पाय दुसऱ्या पेटीवर. पहिल्यांदाच सगळा आंबा माझ्या हाताखालून गेला, डागी एक पण पेटीत गेला नाही. गेल्या आठवड्यात देवाचं गाऱ्हाणं घातलं, गुरव स्वतः इथे येऊन गेले.

एक नवीन त्रास आहे. कंबर आणि डावा खुबा दुखतोय, संध्याकाळी जास्त. हे टाचेचंच काही आहे का?

फिजिओ_चिपळूण

टाचेचं नाही, उंचीचं आहे. बुटाचा तळ जाड असतो आणि आत पाचरी, त्यामुळे उजवा पाय डाव्यापेक्षा उंच झालाय आणि तुम्ही दिवसभर वाकडे चालताय. डाव्या पायात स्लीपर असणार, हो ना? ती बंद करा. जाड तळाचा स्पोर्ट्स शूज घाला आणि आत दोन जादाचे सोल टाका, आरशासमोर उभे राहून दोन्ही खांदे एका रेषेत येईपर्यंत. पाचर निघाली की डावीकडचं सोल पण कमी करायचं. चार-पाच दिवसांत फरक पडेल, नाही पडला तर इथेच कळवा.

कलमवाला_पावस

स्लीपरच होती मॅडम. भाचा रत्नागिरीला गेलाय, संध्याकाळपर्यंत शूज घेऊन येतो.